आलेख फार देखणा आला तर

खानदेशात ऑक्सिजनचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेऊन त्याचं पाणी किंवा पेरॉक्साइड होणं) मोजायला बसणाऱ्याने आधी कॅलेंडर बघावं. जानेवारीत पहाटे जळगावचा पारा दहाच्या आसपास उतरतो, मे महिन्यात दुपारी तोच पंचेचाळीसला टेकतो; भुसावळकरांना विचारलं तर ते आणखी एक-दोन अंश वरच सांगतील. हवेशी संपृक्त गोड्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना ८.३ आणि ४५ अंशांना जेमतेम ५.९. ज्या वायूवर सगळा प्रयोग उभा आहे तोच थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत निम्म्यावर येतो. आणि गंमत अशी की आलेखात हे बहुतेक वेळा दिसतच नाही. ते का, हे पुढे येईलच.

क्रिया तशी रोजच्या ओळखीची आहे. बोअरमधून वर काढलेला लोखंडी पाइप पाण्याच्या रेषेजवळ सगळ्यात जास्त खाल्लेला दिसतो. लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, ते उचलायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. तो नसेल तर साध्या पाण्यात गंज फारसा पुढे सरकत नाही. औष्णिक वीजकेंद्रांत बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन डीएरेटर लावून काढून टाकतात तो एवढ्याचसाठी. गंजात ही क्रिया नकोशी असते. श्रवणयंत्रातल्या बटणाएवढ्या झिंक-एअर सेलमध्ये आणि इंधनघटात मात्र तीच जितकी वेगाने होईल तितकी हवी असते.

ऑक्सिजनच्या रेणूपुढे दोन वाटा असतात. चार इलेक्ट्रॉन घेऊन थेट पाणी व्हायचं, किंवा दोनच घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडवर थांबायचं. पहिल्या वाटेचा प्रमाण विभव १.२२९ व्होल्ट, दुसरीचा ०.६९५. हिशेबाप्रमाणे १.२२९ च्या खाली उतरताच प्रवाह वाहायला हवा. प्रत्यक्षात प्लॅटिनमसारख्या उत्तम धातूवरही १ व्होल्टच्या खाली गेल्याशिवाय दखल घेण्याजोगं काही घडत नाही. कारण पृष्ठभागावर ओओएच, ओ आणि ओएच असे तीन पाहुणे एकामागून एक बसतात आणि त्यांची चिकटण्याची ताकद एकमेकींशी बांधलेली असते. ओओएच आणि ओएच यांच्या बंधऊर्जेतलं अंतर जवळजवळ कुठल्याही धातूवर ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतं. आदर्श अंतर २.४६ हवं होतं. जास्तीचं अंतर दोन पायऱ्यांत वाटलं की ०.३७ व्होल्ट उरतात. प्लॅटिनमला पर्याय शोधणारे सगळेच या ०.३७ शी झगडत असतात. १९६४ मध्ये जेसिन्स्कीने कोबाल्ट थॅलोसायनिन क्षारीय द्रावणात चालतं हे दाखवलं, २००९ मध्ये नायट्रोजन मिसळलेल्या कार्बन नलिकांनी खळबळ उडवली, आणि त्यानंतर जगभर प्रत्येकाने असा कार्बन करायला आपापल्या गावचा पालापाचोळा भट्टीत घातला. आपल्याकडे पाला म्हणजे केळी. तिच्याकडे वळण्याआधी मोजमाप.

स्थिर इलेक्ट्रोडवर ऑक्सिजनचा प्रवाह मोजला तर उत्प्रेरकाविषयी फार थोडं कळतं. पृष्ठभागाजवळचा ऑक्सिजन क्षणात संपतो आणि मग आपण मोजत राहतो ते फक्त नवा ऑक्सिजन किती हळू येतोय ते. हंगामात जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. आत दिवसाला किती गाठी पडतात हे कधी यंत्रावर ठरतं, कधी फाटकाकडे येणाऱ्या रस्त्यावर. यंत्राची खरी ताकद काढायची तर रस्ता किती गाड्या आणू शकतो ते आधी ठाऊक हवं. फिरती डिस्क हा रस्ता मोजून देते. इलेक्ट्रोड ठरावीक वेगाने फिरवला की द्रावण खालून वर ओढलं जातं, डिस्कवर आपटून बाजूला फेकलं जातं, आणि पृष्ठभागालगतच्या विसरणथराची जाडी गणिताने नेमकी सांगता येते. हे गणित लेविचचं. एकूण प्रवाहाचा व्यस्त म्हणजे गतिजन्य प्रवाहाचा (क्रियेचा स्वतःचा वेग, म्हणजे यंत्र) व्यस्त अधिक विसरणाच्या मर्यादाप्रवाहाचा (ऑक्सिजन येण्याचा वेग, म्हणजे रस्ता) व्यस्त, हे कौटेत्स्की-लेविच समीकरण.

वेग निवडताना ४००, ६२५, ९००, १२२५, १६००, २०२५ आणि २५०० आरपीएम घेतात. आकडे विचित्र वाटतात, पण वर्गमुळं काढली की २० पासून ५० पर्यंत पाच-पाचच्या पायऱ्या पडतात आणि आलेखावर बिंदू सारख्या अंतरावर येतात. १६०० हा प्रमाण वेग मानतात. ०.१ मोलर परक्लोरिक आम्ल, २५ अंश, ऑक्सिजनचा विसरणांक १.९३ गुणिले १० चा उणे पाचवा घात, संहती मिलिलिटरमागे १.२६ मायक्रोमोल, गतिक स्निग्धता ०.०१ : चार इलेक्ट्रॉनांसाठी लेविचचं उत्तर चौरस सेंटिमीटरमागे ६.०५ मिलिअँपिअर येतं. चांगल्या प्लॅटिनम-कार्बनच्या (कार्बनवर बसवलेल्या प्लॅटिनमच्या) थरावर प्रत्यक्षात ५.७ ते ६ मिळतं. साडेचार मिळालं तर दोष आधी थरात शोधावा, पुस्तकात नव्हे. थर डिस्कची कड झाकत नसतो, किंवा डिस्कखाली बुडबुडा अडकलेला असतो. आणि ६.०५ च्या बरंच वर गेलं तर डिस्कचं क्षेत्रफळ चुकलंय. उत्प्रेरकाच्या शाईचा, म्हणजे इंकचा, थेंब बाहेरच्या टेफ्लॉनवर ओघळलाय.

आता उन्हाची गोष्ट. ४५ अंशांना ऑक्सिजनची संहती २५ अंशांच्या ७२ टक्क्यांवर येते. पण पाण्याची स्निग्धताही दोन-तृतीयांशावर येते, विसरणांक दीडपटीहून थोडा जास्त होतो. लेविचच्या सूत्रात विसरणांकाचा दोन-तृतीयांश घात आणि स्निग्धतेचा उणे एक-षष्ठांश घात घातला की गुणाकार सुमारे १.४६ होतो, त्याला ०.७२ ने गुणा, १.०५ उरतात. मर्यादाप्रवाह पाचच टक्क्यांनी वेगळा. कुणी २५ अंशांचे स्थिरांक घालून इलेक्ट्रॉनसंख्या काढली तर ४.२ येईल, आणि ती ‘चारच’ म्हणून स्वीकारली जाईल. दोन चुका एकमेकींना झाकून घेतात. उघडी पडते ती तिसरी जागा: गतिजन्य प्रवाह. तो ४५ अंशांवर वाढलेला असतो आणि श्रेय उत्प्रेरकाला मिळतं. समतोल विभवही २५ अंशांच्या १.२२९ वरून १.२१२ वर घसरलेला असतो. मे आणि डिसेंबरमधले नमुने एकाच आलेखावर चढवून ‘सुधारणा’ दाखवणारं काम म्हणूनच संशयाने बघावं.

उपाय म्हणून दुहेरी भिंतीचा सेल आणि थर्मोस्टॅटचं फिरतं पाणी सांगतात. बरोबर आहे, पण साधा थर्मोस्टॅट फक्त तापवतो. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच ३५ च्या वर असतं, तेव्हा २५ चा आकडा लावून ठेवला तरी ते पाणी २५ ला यायचं नाही. चिलर असलेलं यंत्र नसेल तर सरळ ४० अंश लावावेत, सगळं तिथेच मोजावं, ४० चे स्थिरांक वापरावेत आणि तसं लिहावं. खोटे २५ लिहिण्यापेक्षा खरे ४० बरे. दाबाचंही थोडं आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच, म्हणजे हवेचा दाब दोन-सव्वादोन टक्के कमी. त्यातून पाण्याची वाफ वजा करायची: २५ अंशांना ३२ हेक्टोपास्कल, ४५ ला ९६. तापत्या दिवसात सिलिंडरमधून शुद्ध ऑक्सिजन सोडला तरी द्रावणावर तो पूर्ण एक वातावरण दाबाने कधीच नसतो.

रेफरन्स इलेक्ट्रोडचं, म्हणजे ज्याच्या तुलनेत विभव मोजतात त्याचं, तर बोलायलाच नको. सिल्व्हर क्लोराइडचं वाचन घ्यायचं, त्यात ०.१९७ आणि ०.०५९१ गुणिले पीएच मिळवायचं, की झाला आरएचई (त्याच द्रावणातल्या हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेतला विभव), असं वर्षानुवर्षं चालतं. यातला प्रत्येक आकडा २५ अंशांचा आहे. तापमानाबरोबर ०.१९७ बदलतो, ०.०५९१ बदलतो, आणि क्षारीय द्रावणाचा पीएचसुद्धा बदलतो, कारण पाण्याचा आयनगुणाकार बदलतो. गणित करत बसण्यापेक्षा मोजून घ्यावं. त्याच द्रावणात, त्याच तापमानाला हायड्रोजन सोडायचा, स्वच्छ प्लॅटिनमची तार कार्यकारी इलेक्ट्रोड म्हणून लावायची, सेकंदाला १ मिलिव्होल्ट वेगाने पुढे-मागे स्कॅन घ्यायचा. जाता-येता प्रवाह ज्या दोन विभवांवर शून्य होतो त्यांची सरासरी म्हणजे आरएचईचं शून्य. अर्ध्या तासाचं काम. हायड्रोजन असल्याने खिडक्या उघड्या आणि जवळपास ठिणगी नको, एवढीच काळजी.

सेल स्वच्छ करणं कंटाळवाणं असतं म्हणून टाळलं जातं. क्षारीय मापनासाठी मुळात काच टाळावी. पोटॅशियम हायड्रॉक्साइड काच हळूहळू खातो आणि काचेतला सिलिका, लोह वगैरे द्रावणात उतरतं. टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा सेल बरा. आम्लासाठीची काच सौम्य सल्फ्युरिक आम्लातल्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये रात्रभर भिजवायची, मग थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्या सौम्य आम्लाने मँगनीजचे तपकिरी डाग काढायचे, शेवटी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरच्या पाण्यात दोन-तीनदा उकळायची. बोअरच्या पाण्याने ‘फक्त एकदा विसळून घेतलं’ की सगळं पाण्यात. काळ्या मातीखालचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियमबरोबर क्लोराइड येतो, आणि प्लॅटिनमचा क्लोराइडशी जन्माचा वाद आहे. क्लोराइड जागा अडवून बसतो आणि पेरॉक्साइडची वाट मोकळी करतो. सिल्व्हर क्लोराइडच्या रेफरन्समधून झिरपणारं पोटॅशियम क्लोराइडही तेच करतं. मध्ये दुहेरी जंक्शन घालावं किंवा क्षारीय द्रावणात मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड वापरावा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांत साधारण ८५ टक्केच हायड्रॉक्साइड असतो, बाकी बहुतेक पाणी. त्यामुळे ०.१ मोलरसाठी लिटरला ५.६ नव्हे, ६.६ ग्रॅम घ्यावे लागतात.

काउंटर इलेक्ट्रोडबद्दल, म्हणजे प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण करणाऱ्या दुसऱ्या टोकाबद्दल, मात्र ठाम सांगायला हवं. प्लॅटिनमविरहित उत्प्रेरक तपासताना प्लॅटिनमची तार काउंटर म्हणून लावू नये. कॅथोडवर ऑक्सिजनचं क्षपण चालू असताना काउंटर ॲनोड असतो, प्लॅटिनम तिथे थोडा थोडा विरघळतो आणि पोहत येऊन आपल्याच डिस्कवर बसतो. स्थिरतेच्या चाचणीत हजार चक्रांनंतर ‘कार्यक्षमता वाढली’ असं दिसलं तर बहुधा हाच पाहुणा. ग्रॅफाइटची कांडी लावावी, तीही फ्रिटच्या (सच्छिद्र काचेच्या पडद्याच्या) आड.

डिस्क पॉलिश करणं हाताचं काम आहे. ग्लासी कार्बनची ५ मिलिमीटर डिस्क, क्षेत्रफळ ०.१९६ चौरस सेंटिमीटर. ॲल्युमिना आधी १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५, प्रत्येकाची गादी वेगळी. इंग्रजी आठाच्या आकारात, हात हलका, डिस्क गादीवर पूर्ण सपाट. कललेला हात कडा गोल करतो आणि पुढे थेंब तिथून खाली उतरतो. प्रत्येक पायरीनंतर पाण्याने धुवायचं, शेवटी काही सेकंद अल्ट्रासॉनिक बाथमध्ये. फार वेळ ठेवलं तर डिस्क आणि टेफ्लॉन यांच्यातली फट उघडते.

इंकचं प्रमाण: ५ मिलिग्रॅम कार्बन, ७५० मायक्रोलिटर पाणी, २३० मायक्रोलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, २० मायक्रोलिटर ५ टक्के नॅफिऑन (थर डिस्कला धरून ठेवणारं बहुवारिक). कोरड्या पावडरवर आधी पाणी घालायचं. अल्कोहोल थेट घातलं तर प्लॅटिनमचा बारीक काळा चुरा पेटू शकतो, आणि हे पुस्तकातलं भय नाही. मग बर्फाच्या पाण्यात अर्धा तास सोनिकेट. बर्फ शोभेला नसतो: बाथचं पाणी अर्ध्या तासात स्वतःहून तापतं, वर उन्हाळा, आणि तापलेल्या इंकमध्ये गुठळ्या धरतात. यातले १० मायक्रोलिटर डिस्कवर सोडले की ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर २५५ मायक्रोग्रॅम कार्बन बसतो. तुलनेसाठीचा २० टक्के प्लॅटिनम-कार्बन घ्यायचा तर इंक मिलिलिटरला २ मिलिग्रॅमची करावी. १० मायक्रोलिटरमध्ये ४ मायक्रोग्रॅम प्लॅटिनम येतो, चौरस सेंटिमीटरला साधारण २०.

आणि मग वाळवणं, जिथे निम्मी मापनं वाया जातात. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत थेंबाची कड आधी सुकते, आतला द्रव कडेकडे धावतो, सोबत कार्बन नेतो. वाळल्यावर भिंगातून बघा: कडेला काळीभोर जाड कडी, मध्ये करडा विरळ डाग. अशा थराचा आलेख ओळखू येतो. मर्यादाप्रवाहाचा पठार सपाट न राहता उतरत जातो. पंखा आणि कूलर बंद करून थेंबावर उलटा बीकर ठेवावा, आत अल्कोहोलने ओला केलेला टिश्यू. किंवा डिस्क रोटेटरला उलटी लावून ७०० आरपीएमवर फिरवतच वाळवावी. थर पुष्कळ सारखा येतो.

मापनाआधी १०० मिलिलिटर द्रावणात अर्धा तास ऑक्सिजन, मापन चालू असताना नळी द्रावणातून उचलून वरच्या मोकळ्या जागेत. स्कॅनचा वेग सेकंदाला ५ किंवा १० मिलिव्होल्ट. घाईने ५० लावणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करावा: ग्रॅमला १००० चौरस मीटर पृष्ठभागाचा कार्बन, २५५ मायक्रोग्रॅम थर, पृष्ठभागाच्या चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरड. डिस्कच्या चौरस सेंटिमीटरवर सुमारे २५ मिलिफॅरड होतात. ५० मिलिव्होल्टच्या वेगाला त्यांना भारायलाच सव्वा मिलिअँपिअर लागतो, तो ऑक्सिजनचा नव्हेच. १० ला पाव मिलिअँपिअर. म्हणून तोच स्कॅन आधी नायट्रोजनमध्ये घ्यायचा आणि वजा करायचा. ०.१ मोलर हायड्रॉक्साइडमध्ये डिस्क आणि रेफरन्स यांच्यामध्ये ४०-५० ओहम रोध असतो. अर्धलहरीवर (प्रवाह मर्यादेच्या निम्मा होतो त्या विभवावर) अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर प्रवाह असताना २५ मिलिव्होल्ट तिथेच खर्ची पडतात. लेखांमध्ये १५ मिलिव्होल्टच्या फरकावर ‘श्रेष्ठ’ ठरवलं जातं, हे लक्षात ठेवून उच्च वारंवारतेच्या इम्पीडन्सने रोध मोजावा आणि दुरुस्ती करावी. चांगला प्लॅटिनम-कार्बन ०.१ मोलर हायड्रॉक्साइडमध्ये ०.८५ व्होल्टच्या आसपास अर्धलहर देतो. आपला प्लॅटिनम ०.८० वर अडकला असेल तर केळीच्या कार्बनने त्याला हरवलं यात मोठेपणा नाही.

पेरॉक्साइड किती झालं हे डिस्कभोवतीच्या प्लॅटिनमच्या कडीवरून कळतं. कडी १.२ ते १.३ व्होल्टला धरायची. डिस्कवरून निसटलेलं पेरॉक्साइड तिथे पुन्हा ऑक्सिजन होतं. फ्रुम्किन आणि नेक्रासोव्ह यांनी १९५९ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही तशीच वापरतात. कडी निसटलेल्यातलं किती पकडते तो गुणांक प्रत्येक इलेक्ट्रोडचा वेगळा, साधारण पाव ते एक-तृतीयांशाच्या आगेमागे. कारखान्याच्या कागदावरचा न घेता फेरीसायनाइडने स्वतः तपासावा. यातही पळवाट आहे. थर जाड केला की आत तयार झालेलं पेरॉक्साइड बाहेर पडण्याआधीच पुन्हा क्षपित होतं आणि कडीला काहीच मिळत नाही. दोन-दोनच्या वाटेने गेलेला उत्प्रेरक चारच्या वाटेने गेल्यासारखा दिसतो. तोच कार्बन १००, २५५ आणि ६०० मायक्रोग्रॅमला मोजून बघितल्याशिवाय ‘चार इलेक्ट्रॉन’ लिहू नये.

जळगाव म्हटलं की कुणीतरी सोन्याचं विचारतंच. सोनं या अभ्यासात फार जुनं आहे आणि खट्याळही: आम्लात ते पेरॉक्साइडवर थांबतं, क्षारात मात्र त्याचा १०० दिशेचा स्फटिकपृष्ठ चारही इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. पण सराफाकडचं २२ कॅरेट कामाचं नाही. त्यात तांबं-चांदी असतं आणि आपण मिश्रधातूचाच अभ्यास करत बसतो.

आता केळी. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात घड उतरवला की खोड बांधावर पडतं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आणि उरलेल्यात पोटॅशियम भरपूर. भट्टीत हेच पोटॅशियम कार्बनला भोकं पाडतं, त्यामुळे पृष्ठभाग वाढवायला वरून हायड्रॉक्साइड फारसं घालावं लागत नाही. बाहेरची दोन-तीन सोपटं काढून टाकावीत, कारण त्यांवर काळी माती उडालेली असते आणि बेसाल्टपासून झालेल्या त्या मातीत लोह व टायटॅनियम दोन्ही असतात. आतलं पांढरं खोड विळ्याने कापू नये. ओला चीक लोखंडावर लगेच काळा पडतो, तो काळेपणा पुढे आलेखात ‘उत्प्रेरक’ म्हणून परत भेटतो. सिरॅमिकची सुरी वापरावी. ८० अंशांना पूर्ण वाळवून अगेटच्या खलात कुटावं. स्टीलच्या बॉल मिलला हात लावू नये.

पावडरीत युरिया किंवा मेलामाइन मिसळून क्वार्ट्झच्या नळीत, मिनिटाला १०० मिलिलिटर नायट्रोजनमध्ये, मिनिटाला ५ अंश चढवत ९०० पर्यंत, तिथे दोन तास. युरिया असेल तर नळीच्या थंड टोकाला पांढरी साय जमते आणि निकासाची वाट बंद होते. दाब वाढून टोपण उडतं. निकासाची नळी रुंद ठेवावी आणि मध्ये एक रिकामी बाटली. मध्येच वीज गेली तरी नायट्रोजन बंद करायचा नाही, आणि नळी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर गरम कार्बन हवेत धुमसून राख होतो.

पुढची पायरी पद्धतीच्या तीन ओळींत उरकलेली असते: ‘एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतले.’ पोटॅशियम, कार्बन आणि नायट्रोजन ९०० अंशांना एकत्र आले की पोटॅशियम सायनाइड तयार होऊ शकतं. त्यावर थेट आम्ल ओतणं म्हणजे हायड्रोजन सायनाइड वायू सोडणं. आधी भरपूर पाण्याने धुवावं, ते धुवण क्षारीय ठेवून त्यात हायपोक्लोराइड घालून निकाली काढावं, आणि नंतरच आम्ल, तेही फ्यूम हूडमध्येच. हायड्रोक्लोरिकऐवजी अर्धा मोलर सल्फ्युरिक ८० अंशांना आठ तास वापरलं तर क्लोराइडचीही कटकट वाचते. केळीच्या खोडात मुळातच क्लोराइड असतं, म्हणून शेवटच्या धुवणात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघावं. पांढरट झाक येत असेपर्यंत धुणं संपलेलं नसतं.

एवढं करून अर्धलहर ०.८४ आली, तर? आनंद करण्याआधी एक भागाकार. कार्बनमध्ये वजनाने ०.१ टक्का लोह उरलं आहे असं धरा. २५५ मायक्रोग्रॅमच्या थरात ०.२५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साडेचार नॅनोमोल, म्हणजे डिस्कच्या चौरस सेंटिमीटरवर २.७ गुणिले १० चा पंधरावा घात इतके अणू. प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठभागावर चौरस सेंटिमीटरला १.५ गुणिले १० चा पंधरावा घात अणू असतात. हे लोह नायट्रोजनच्या कुशीत एकेकटं विखुरलेलं असेल तर प्लॅटिनमच्या एका पूर्ण थराहून जास्त जागा आपण नकळत ठेवल्या. अगदी १०० पीपीएम लोह धरलं, प्रत्येक अणूने सेकंदाला एकच ऑक्सिजन हाताळला, तरी चौरस सेंटिमीटरमागे ०.१७ मिलिअँपिअर निघतो. आणि ‘एक्सपीएसमध्ये लोह दिसलं नाही’ हा पुरावा अपुरा, कारण क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या त्या यंत्राची नजर ०.१ अणुटक्क्यापाशी थांबते, म्हणजे वजनाने जवळजवळ अर्धा टक्का. लोह मोजायचं तर कार्बन जाळून, राख आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसला, म्हणजे अतिसूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्राला, द्यावी.

स्वस्तातली चाचणी थायोसायनेटची. ०.१ मोलर परक्लोरिक आम्लात स्कॅन घ्यायचा, १० मिलिमोलर पोटॅशियम थायोसायनेट होईल इतकं घालायचं, पुन्हा स्कॅन. लोहाच्या जागा असतील तर अर्धलहर कित्येक मिलिव्होल्ट खाली सरकते. हे आम्लातच करावं. क्षारात थायोसायनेट लोहाला नीट धरत नाही, आणि तिथल्या ‘काही फरक पडला नाही’ या निकालाला अर्थ नसतो. आलेख सरकला म्हणजे कार्बन टाकाऊ झाला असंही नाही. लोह-नायट्रोजन-कार्बन हा प्लॅटिनमनंतरचा सगळ्यात चांगला पर्याय आहेच. फक्त मग लेखाच्या मथळ्यातून ‘धातुविरहित’ काढावं आणि लोह मोजून, मुद्दाम घालून काम करावं. ते जास्त प्रामाणिक आणि जास्त पुनरावृत्तीक्षम होतं, कारण प्रत्येक शेताची माती वेगळी असते.

डिस्कवरून बॅटरीकडे जाताना आकडे एकदम बदलतात. डिस्कवर सहा मिलिअँपिअरचं छत आहे, ते विरघळलेल्या ऑक्सिजनचं. झिंक-एअरच्या कॅथोडमध्ये हवा मागून, टेफ्लॉनने जलविरोधी केलेल्या भोकांतून येते आणि तिथे शंभराच्या पुढे जाता येतं. साहजिकच डिस्कवर पहिला आलेला कार्बन तिथे शेवटचा येऊ शकतो, कारण भोकं ओली होऊन बुडाली की हवा थांबते. द्रावण ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं. बाहेरची हवा कोरडी असेल तर त्यातलं पाणी कॅथोडमधून उडतं, पावसाळ्यात उलट ओढलं जातं, म्हणून हवेचं भोक गरजेपेक्षा मोठं ठेवत नाहीत. हवेत ४०० पीपीएमहून जास्त असलेला कार्बन डायऑक्साइड हायड्रॉक्साइडशी मिळून पोटॅशियम कार्बोनेट होतो आणि कॅथोडच्या भोकांत स्फटिक धरतो. वाटेत सोडा-लाइमची नळी लावली तर हे बरंच लांबतं. स्फटिक बसलेच तर कॅथोड काढून कोमट शुद्ध पाण्यात भिजवला की ते विरघळतात आणि प्रवाह पुष्कळसा परत येतो. टेफ्लॉनचा थरच भिजला असेल तर मात्र येत नाही; तो कॅथोड नव्याने दाबावा लागतो.